मोगऱ्याच्या वाफ्यात पुरलेला कचरा

ती केस माझ्या डोक्यातून अजून जात नाही, आणि आठवायला लागलो की सुरुवात दरवेळी मोगऱ्याच्या वाफ्यापासूनच होते. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्यातली माणसं जिवंत आहेत आणि तशीच राहावीत.

आधी एक खुलासा करून टाकतो, कारण 'निवृत्त पोलीस अधिकारी' म्हटलं की लोक पांढऱ्या मिशा शोधतात. माझ्या काळ्या आहेत. गस्तीची जीप उलटली, गुडघा गेला, मेडिकल बोर्डानं घरी बसवलं. गोळीबिळी काही नाही, जीपसमोर म्हैस आली होती. उपनिरीक्षक म्हणून भरती झालो आणि उपनिरीक्षक म्हणूनच बाहेर पडलो. त्यामुळे मोठमोठ्या ऑपरेशनच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. ही एक आहे.

तेव्हा मी रायपूरच्या जुन्या वस्तीतल्या एका ठाण्यात होतो. रायपूरमध्ये नक्षलवाद नाही असं सगळे म्हणतात, आणि ते बरोबरही आहे. इथं सुरुंग फुटत नाहीत. पण तिकडे बस्तरात काही झालं की इथं हेलिकॉप्टर येतं. जखमी जवान असतात त्यात. आम्ही चौकाचौकात उभं राहून ॲम्ब्युलन्सला रस्ता मोकळा करून देतो. टपरीवरचे लोक चहा हातात धरून वर बघतात, आणि हेलिकॉप्टर गेलं की पुन्हा क्रिकेटच्या गप्पा सुरू. ठाण्यातला निम्मा स्टाफ कायम बस्तर ड्युटीवर, उरलेले डबल ड्युटीवर. तिकडचं पोरगं इथं शिकायला आलं आणि रूम शोधायला लागलं की घरमालक विचारतो, "कहाँ के हो?" पोरगं म्हणतं, "दंतेवाडा." मालक म्हणतो, "अरे भैया, रूम तो कल ही चढ़ गया." रूम रिकामीच असते. युद्ध लांब आहे म्हणता म्हणता ते असं घराच्या जिन्यापर्यंत येतं.

त्या दिवसांत भाडेकरू तपासणीची मोहीम चालू होती. आमची गाडी भोंगा लावून पाऱ्यापाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यात, फिरायची. संशयित भाडेकरू दिसला तर ठाण्याला कळवा. लोकांनी ते फारच मनावर घेतलं होतं. एकानं तर आपल्या जावयाची तक्रार केली होती.

तर एके दिवशी सकाळी मी घरी, तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, पोहे खात होतो. आईची एक मैत्रीण आली. बुढापाऱ्यात राहते, आम्ही काकूच म्हणतो. नवरा वारला, मुलं पुण्याकडे. वरची खोली दवाखान्यात येणाऱ्या पेशंटना, त्यांच्या नातेवाइकांना देते. ती चप्पल न काढताच आत आली, यावरूनच मला समजायला हवं होतं.

"तू पोलीस आहेस का नाही?"

"आहे न काकू."

"मंग ऐक. वरचे भाडेकरू कचरा देत नाही."

"काकू, कचऱ्याची गाडी नगर निगमची आहे. मी काय करू?"

"अरे पोट्ट्या, पुरं ऐकशील का! गाडीत देत नाही म्हणजे पुरते. माह्या मोगऱ्याच्या वाफ्यात पुरते. पहाटे उठून. अंड्याचे टरफलं, कांद्याचे सालं, माचिसच्या काड्या. आन् वरून माती अशी थापते का कोणाले समजू नये. मी खुरपं घेऊन गुडाई कराले बसली तं सापडलं."

आई म्हणाली, "खत करून राहिले असन."

"बिस्किटाच्या पुड्याचं खत होते का वो?" काकू माझ्याकडे वळली. "आन् लाईट लावत नाही. एक झोपते तं दुसरा जागते, पाळीनं. मी दोनदा पाहिलं जिन्यातून. रस्त्यानं चालते तं नवरा पुढं, बायको पार मांगं. भांडण झालं म्हणावं तं रोजच कसं होईन? पोटाचा आजार आहे म्हणे नवऱ्याले. खाते तं चार माणसाचं."

मी पोहे संपवले आणि थेट ठाण्यात गेलो. आमचे टीआय, म्हणजे ठाण्याचे प्रभारी, बस्तरमध्ये दोन वेळा राहून आलेले. कडक माणूस. मी काकूंची गोष्ट सांगायला लागलो तेव्हा ते सहीचे कागद उलटत होते. 'पुरतात' म्हटल्यावर हात थांबला.

"क्या बोला? ज़मीन में?"

"जी सर."

"और मिट्टी दबा के बराबर करते हैं?"

"जी."

ते उठलेच. तिथं दोन वेळा राहिलेल्या माणसासाठी दाबून सारखी केलेली माती म्हणजे एकच गोष्ट असते, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. त्यांनी बॉम्बशोधक पथकाला फोन लावला. नियमात बसत होतं.

आम्ही साध्या कपड्यात गेलो. जिना चढून दार वाजवणार तेवढ्यात दार उघडलं. माणूस तिशीचा, सडपातळ, दाराच्या समोर नाही, बाजूला उभा. आम्हाला बघितलं आणि कोणी काही सांगायच्या आत दोन्ही हात अंगापासून लांब धरले, तळवे आमच्याकडे. ज्याच्यावर कधी कोणी बंदूक रोखली नाही तो माणूस असा उभा राहत नाही. बायको खिडकीजवळ, पाठ भिंतीला. एक बॅग, भरलेली, चेन लावलेली. खोलीत बाहेर काहीच पडलेलं नव्हतं. एक टॉवेलसुद्धा नाही. असं वाटत होतं की ही दोघं अर्ध्या मिनिटात निघून जाऊ शकतात आणि मागं कोणी राहत होतं हे समजणारही नाही.

खाली अंगणात पथकानं वाफा खणला. वाळूच्या गोण्या लावल्या, गल्ली रिकामी केली, म्हणजे सगळी गल्ली समोरच्या गच्चीवर चढली. कुत्र्यानं वाफ्याला एक चक्कर मारली, वास घेतला आणि काकूंच्या चपलेजवळ जाऊन बसलं. तरी खणलं. अंड्याची टरफलं निघाली. खजुराच्या बिया. साबणाचा कागद, गुंडाळून बारीक केलेला. जळक्या काड्या. थरावर थर, एकदम स्वच्छ काम. काकू ओट्यावरून ओरडली, "बॉम्ब शोधाले आले न तुम्ही, मोगरा काहून उपटून राहिले?"

सगळे हसले. आणि त्या हसण्यात, समोरच्या गच्चीवरून, एक न्यूज पोर्टल चालवणारा माणूस फोटो काढत होता. आम्ही त्या दोघांना गाडीत बसवत होतो. तोंडावर कपडा टाकायचा असतो, पण तो पकडलेल्या आरोपीच्या. ही दोघं आरोपी नव्हती, फक्त चौकशीला बोलावलेली, म्हणून कोणी टाकला नाही.

ठाण्यात दोघांना वेगवेगळं बसवलं. ओळखपत्रं होती, दोघांची, बस्तरच्या पत्त्याची, कोरी करकरीत, नुकतीच काढलेली. तपासली तर खरी निघाली. माणसाचा फोन घेतला. आमचा सायबरवाला पोरगा दहा मिनिटांत परत आला, चेहरा उतरलेला.

"सर, इसमें कुछ नहीं है."

"डिलीट किया होगा."

"नहीं सर, कुछ नहीं मतलब कुछ भी नहीं. एक नंबर सेव नहीं. गाना नहीं. फोटो नहीं. अपनी बीवी का भी नहीं."

आता टीआय साहेबांचा आवाज बदलला. सहा जण त्या खोलीत उभे, मध्ये स्टुलावर तो. प्रश्न हिंदीत.

"रायपुर क्यों आए?"

"इलाज."

"किसका?"

"मेरा."

"क्या बीमारी?"

गप्प.

"कौन सा अस्पताल? डॉक्टर का नाम?"

गप्प. मग म्हणाला, "मजदूरी करने आया." तीन मिनिटांपूर्वी इलाज, आता मजुरी. मग पुन्हा इलाज. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती, फार वाईट खोटं बोलत होता. एक गोष्ट मात्र तो सारखी विचारत होता.

"साहब, कल सुबह तक छोड़ देंगे?"

दुसऱ्या खोलीत त्याच्या बायकोजवळ आमची एक महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, बसली होती, बस्तरकडचीच, गोंडी बोलणारी. बायकोला हिंदी जेमतेम. ती आरक्षक बाहेर आली आणि म्हणाली, "सर, ये भी एक ही बात पूछ रही है. कल सुबह छूट जाएँगे क्या. बाकी कुछ नहीं बताती."

झालं. टीआय साहेबांनी मला बाजूला घेतलं. "कल सुबह क्या है शहर में?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकर नगरला एका मोठ्या पाहुण्यांचा कार्यक्रम होता. बंदोबस्ताचा आदेश त्यांच्या टेबलावरच पडला होता. दोघं बस्तरची, रिकामा फोन, जमिनीत पुरायची सवय, पाळीनं पहारा, आणि दोघांनाही उद्या सकाळी बाहेर पाहिजे. तुम्ही असता तर काय समजला असता? मीही तेच समजलो. वरिष्ठांना फोन गेला. संध्याकाळी स्पेशल ब्रँचचे लोक येणार, मग त्या दोघांना कुठं नेतील आणि कधी सोडतील ते आमच्या हातात राहणार नव्हतं.

दुपार झाली. साहेब बंदोबस्ताच्या मीटिंगला गेले. त्याच्यावर लक्ष ठेवायला मी आणि मुंशी, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा हवालदार. तेवढ्यात आईचा फोन.

"काहून रे, त्या दोघाईले जेवाले दिलं का नाही? काकू इथं येऊन रडून राहिली. म्हणते मोगरा गेला तं गेला, पण ते पोरगी सकाळपासून उपाशी असन."

"हो वो आई, समोसे मागवून राहिलो. ठेव आता, ड्युटीवर आहे मी."

फोन ठेवला. स्टुलावरचा माणूस माझ्याकडे बघत होता. सकाळपासून पहिल्यांदा नीट बघत होता.

"समोसे नको साहेब," तो म्हणाला. "तेलकट नको म्हणे डॉक्टर."

मराठीत! आमच्यासारखीच, नागपूरच्या अलीकडची, गडचिरोलीकडची मराठी. मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. मुंशीला म्हटलं, भैया, जरा चाय बोल दो ना, खुद जा के. मुंशी छत्तीसगढी, हुशार, "हव साहब" म्हणून निघाला आणि जाताना दार ओढून घेतलं.

"मराठी कुठं शिकला?"

"तिकडं होतो न पाच-सहा साल. इंद्रावतीच्या पल्याड. आमच्या दलममध्ये अर्धे तिकडचेच."

दलम म्हणजे नक्षलवाद्यांची तुकडी. त्यानं ते इतकं सहज म्हटलं, जसं कोणी सांगावं की मी अमुक कॉलेजला होतो.

"म्हणजे तू..."

"होतो. आता नाही. सरेंडर झालो. ते बी झाली, माह्या संगंच."

"अरे मंग सकाळपासून सांगितलं काहून नाही?"

"आमच्या जिल्ह्यातल्या साहेबानं सांगितलं, कोणाले बोलायचं नाही. पोलिसाले बी नाही."

"मी पोलीसच आहे."

"म्हणून तं नाही सांगितलं."

मला हसू आलं. त्यालाही थोडं आलं. मग मी विचारलं की डॉक्टर कशाचा, आजार काय. पुन्हा कुलूप. जमिनीकडे बघायला लागला. मी थांबलो. चौकशीत थांबणं हे सगळ्यात अवघड काम आहे, माझ्यासारख्याला तर फारच.

"साहेब, तुमचं लगन झालं का?"

"ठरून राहिलं आहे."

"मंग तुमाले समजन." तो जमिनीकडे बघतच बोलायला लागला. "तिकडं लगनाले मनाई नाही. लेकराले मनाई आहे. लेकरू रडते न साहेब. रडलं का सगळे मरते. म्हणून लगन कराचं असन तं पयले गड्याची नस कापून टाकते. ताडपत्रीखाली झोपवलं मले. कापणारा बी आमचाच. मंग दुसऱ्या दिवशी लगन लावलं."

नसबंदी. त्याच्या लग्नाची अट.

"आता ते म्हणते लेकरू पायजे. तिच्यासाठी आलो मी बाहेर, खरं सांगतो. नाहीतं मी तिथंच मेलो असतो, काही वाटलं नसतं. हे डॉक्टर नस पुन्हा जोडून देते म्हणे. तो इथला नाही, बाहेरून येते, कधीमधी. उद्या सकाळी आमचा नंबर आहे. उद्या गेलं तं मंग कधी येईन तो, कोणाले मालूम."

"हे एवढं साधं तू साहेबांना..."

"सहा जण उभे होते साहेब. बंदुकीचं विचारलं असतं तं सांगितलं असतं. कोणाले मारलं ते बी सांगितलं असतं. हे कसं सांगू?"

आम्ही सहा जणांनी मिळून एका माणसाला जगातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला होता, आणि आम्हाला वाटत होतं की तो स्फोटकं लपवतोय.

कचऱ्याचं विचारलं. त्याला प्रश्नच समजला नाही. "मंग काय करते कचऱ्याचं?" मी म्हटलं, गाडी येते, गाणं वाजवत, तिच्यात टाकतात. तो म्हणाला, "गाणं वाजते ते मालूम आहे. पण आपण काय खाल्लं, किती जण आहो, सगळं मालूम होते न मंग गाडीवाल्याले." रस्त्यावर लांब-लांब चालणं, एकानं झोपणं, एकानं जागणं, सगळं तेच. तिथून बाहेर आले होते, पण तिथल्या सवयी अजून ड्युटीवर होत्या.

मी विचारलं, आता करणार काय तुम्ही? म्हणाला, इथंच राहू म्हणतो कुठंतरी. गावाले जाता येत नाही, ते लोक सोडणार नाही. पोलीस म्हणते आमच्यात ये, बंदूक घे, तुले रस्ते मालूम आहे. "पण मी तिले शब्द दिला आहे का बंदुकीले आता हात लावणार नाही. ना इकडची, ना तिकडची. रायपूर मोठं आहे. इथं कोणी ओळखत नाही आम्हाले."

जिल्ह्यातल्या त्या अधिकाऱ्याचा नंबर त्याला तोंडपाठ होता. लागला नाही. ते जंगलात होते, नेटवर्कच्या बाहेर. मी मीटिंगच्या बाहेर जाऊन साहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकले.

"तो मेरे को क्यों नहीं बोला?"

"सर, छह लोग थे."

ते म्हणाले, "यार, मैं भी नहीं बोलता." आणि मग कडक माणूस कडकपणे कामाला लागला. कंट्रोल रूम, तिथून त्या जिल्ह्याचं कंट्रोल, तिथून वायरलेसवर जंगलातला कॅम्प. संध्याकाळ व्हायच्या आत उत्तर आलं. दोघं आत्मसमर्पित, उपचारासाठी आम्हीच पाठवलं, गुप्त ठेवायचं म्हणून रायपूरला कळवलं नाही. स्पेशल ब्रँचवाले अर्ध्या रस्त्यातून परत गेले. रोजनामच्यात नोंद झाली: पडताळणीनंतर सोडलं.

सगळं जुळून आलं असं वाटत होतं. आणि मुंशीनं फोन पुढं केला.

'बूढ़ापारा में नक्सली दंपति धराए, ज़मीन से निकला सामान.' खाली फोटो. गाडीत चढताना दोघांचे चेहरे, एकदम स्पष्ट, उन्हात. साहेबांनी पोर्टलवाल्याला बोलावून घेतलं, तो घाबरून आला, बातमी काढून टाकली, वर माफीही मागितली. पण तोपर्यंत ती चार ग्रुपमधून चाळीस ग्रुपमध्ये गेली होती. माझ्या आईच्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवरसुद्धा होती. व्हॉट्सॲपला काही ठाण्यात बोलावता येत नाही.

त्याला सांगावंच लागलं. त्यानं फोन हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला.

साहेब म्हणाले, "गाँव में नेट नहीं होगा ना तेरे."

"गाँव में नहीं है साहब. कैंप के पास आता है टावर. सब उधर जा के देखते हैं." मग माझ्याकडे वळून मराठीत हळूच विचारलं, "हे बी दिसून राहिली का यात?"

"हो."

"मी एकटा असतो तं चाललं असतं."

बायकोला गोंडीत त्यानंच सांगितलं. दार उघडं होतं, मला दिसत होतं. ती रडली नाही. काहीतरी एकच वाक्य बोलली. मी नंतर आरक्षकाला विचारलं की काय म्हणाली. "बोली, ऑपरेशन करा लो पहले."

त्या रात्री त्यांना काकूंकडे परत जाता आलं नाही. काकू स्वतः आली होती ठाण्यात, डब्यात मऊ खिचडी घेऊन, तेल न घालता, आईनं सांगितलं असणार. डबा दिला आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मले भेव नाही रे त्याईचं. चांगले लोक आहे. पण पारा ऐकत नाही. सगळे म्हणून राहिले, काकू, त्याईले परत ठेवलं तं आम्ही निगमकडे जातो, पोलिसकडे जातो."

"पोलीस मीच आहे न काकू."

"तुह्याकडे नाही, मोठ्याकडे."

साहेबांनी आपल्या क्वार्टरची पुढची खोली दिली. हे त्यांनी कुठंही लिहिलं नाही, म्हणून मी लिहून ठेवतो.

सकाळी मी त्यांना दवाखान्यात पोचवलं. साहेब शंकर नगरच्या बंदोबस्ताला, तिथं सगळं शांततेत पार पडलं. ऑपरेशनला वेळ लागला. बायको बाकावर बसली होती, पाठ भिंतीला, दार दिसेल अशी. आमची आरक्षक तिच्या शेजारी. दोघी गोंडीत गप्पा मारायला लागल्या तेव्हा समजलं की त्यांची गावं एकाच नदीच्या दोन काठांवर आहेत, आणि लहानपणी दोघी एकाच आठवडी बाजाराला जायच्या. एक इकडे आली, एक तिकडे गेली. वाद झाला तो बाजारात कोणती जिलेबी चांगली मिळायची यावर.

डॉक्टर बाहेर आले, म्हणाले नस जुळली आहे, पुढचं निसर्गावर. सुट्टी मिळाली त्या दिवशी त्यांच्या जिल्ह्याची गाडी आली, काळ्या काचांची. त्यानं माझा हात हातात घेतला, म्हणाला, "लगनाले बोलवा साहेब." मी म्हटलं, नक्की. पत्ता कोणाकडेच नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

पुढं बराच काळ गेला. माझं लग्न झालं, मग म्हैस झाली, मग गुडघा. घरी बसलो होतो तेव्हा एका जुन्या समन्सच्या कामासाठी त्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याचा फोन आला, तोच, ज्याचा नंबर त्या दिवशी लागला नव्हता. काम झाल्यावर मी विचारलंच. ते म्हणाले, मुलगी झाली. चांगली तब्येत आहे. मी इतक्या जोरात 'अरे वा' म्हटलं की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"और वो क्या करता है?"

"हमारे साथ है. टीम में सबसे आगे चलता है. रास्ते मालूम हैं ना उसको."

"लेकिन उसको तो बंदूक नहीं लेनी थी."

"हाँ, बोलता था शुरू में. फिर वो फोटो निकल गया ना. गाँव बंद, रायपुर बंद, तीन जगह किराए से रखा, तीनों जगह किसी ने पहचान लिया. बच्ची होने वाली थी. कैंप के अंदर क्वार्टर चाहिए तो जवान होना पड़ता है." वर म्हणाले, "अच्छा जवान है."

ही बातमी त्यांनी तक्रार म्हणून सांगितली नाही, मीही तशी ऐकली नाही. कोणाचं काय चुकलं हे मांडायला बसलो तर प्रत्येकाकडे कारण निघतं. काकूंनी भोंग्यावर ऐकलं तेच केलं. साहेबांनी नियमात होतं तेच केलं. जिल्ह्यानं त्याच्या जिवासाठीच लपवून ठेवलं, आणि फोटोवाल्यालाही वाटलं असणार की तो देशाचं काम करतोय.

नोकरीत मला त्या केसनं दोन गोष्टी शिकवल्या. एक साधी आहे. गप्प बसलेल्या माणसाला विचारायच्या आधी खोली रिकामी करा. पुढं जितकी वर्षं ठाण्यात होतो, ते पाळलं आणि त्यातून कितीतरी गोष्टी निघाल्या. दुसरी मला ठाण्यात असताना समजली नाही, त्या फोननंतर समजली. आता रोज ऐकतो की तिकडचं सगळं संपत आलंय, इतके शरण आले, तितके शरण आले. ऐकून बरं वाटतं. पण बंदूक ठेवून आलेला माणूस रात्री झोपणार कुठं, हे आमच्या एवढ्या मोठ्या शहराला विचारलं तेव्हा एकाही घरात खोली रिकामी नव्हती. ज्या एका ठिकाणी त्याला आणि त्याच्या लेकीला आत घेतलं, तिथं दाराशी बंदूक द्यायला माणूस उभा होता.